वाचक विचारतात : स्टीलच्या सुरीवरचा गंज

प्रश्न : माझी सुरी स्टेनलेस स्टीलची आहे, चांगल्या दुकानातून घेतलेली. मे महिन्यात लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या आणि आता पात्यावर तपकिरी ठिपके उठलेत. लोहचुंबकही चिकटतो. स्टील नकली निघालं का? आणि ठिपके घालवायचे कसे? (रत्नागिरीहून)

उत्तर : नकली नाही. सुरीला लोहचुंबक चिकटणं हे उलट चांगलं लक्षण आहे. चांगले डबे आणि पातेली ज्या ३०४ प्रतीच्या स्टीलची असतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक सहसा चिकटत नाही आणि घरच्या वापरात ते क्वचितच गंजतं. पण त्या स्टीलला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून आणि विझवून ते कडक करता येत नाही. त्याची सुरी केली तर चार दिवसांत धार वळेल. म्हणून सुरीचं स्टील वेगळं असतं. त्यात क्रोमियम साधारण १३ ते १५ टक्के आणि कडकपणासाठी कार्बन बराच जास्त. हा कार्बन थोडं क्रोमियम स्वतःपाशी बांधून ठेवतो, त्यामुळे गंज थोपवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. धार टिकायला हवी तर ही किंमत मोजावीच लागते. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली जे पहिलं ‘न गंजणारं’ स्टील ओतलं, तेही याच जातीचं होतं. बंदुकीच्या नळ्यांसाठी चाललेल्या कामातून ते निघालं आणि नाव झालं ते सुऱ्यांमुळे.

गंज अडवतो तो पात्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर. दुधावर साय धरावी तसा तो आपोआप धरतो, फक्त जाडी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळाला की पुन्हा धरतो. मिठातलं क्लोराइड मात्र नेमकं याच थराला भोक पाडतं, आणि पातं ओलं व खारट असेपर्यंत तो थर पुन्हा धरायला वाव मिळत नाही. कैरीचं आम्ल, हाताला लागलेलं मीठ आणि ‘नंतर धुऊ’ म्हणून तासभर तशीच ठेवलेली सुरी, एवढं पुरतं. कोकमाचं आगळ, चिंचेचा कोळ, मीठ लावलेला बांगडा यांचंही तेच. तुमच्याकडे त्यात किनाऱ्यावरची खारी हवा आहे, ती धुतलेल्या सुरीवरही येऊन बसते.

आता ठिपके. आधी पातं उजेडात तिरकं धरून ठिपक्यावरून नखाचं टोक फिरवा. नख सरळ घसरत गेलं तर गंज वरवरचा आहे. नख अडखळलं, किंवा भिंगातून पाहिल्यावर तपकिरी कड्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू दिसला, तर तिथे खड्डा पडला आहे. वरवरचा गंज पूर्ण जातो. खड्ड्यातला गंज निघतो, खड्डा राहतो.

सुरवात नेहमी सौम्य उपायापासून करावी. सुरी साबणाने धुऊन पुसा. दोन चमचे खाण्याच्या सोड्यात थेंब थेंब पाणी घालून घट्ट चटणीसारखा लगदा करा, ठिपक्यांवर लावा आणि १५ मिनिटं ठेवा. मग बाटलीचं जुनं बूच घेऊन त्यानेच घासा. बूच मऊ असतं, सपाट दाब देतं आणि बोटं धारेपासून लांब राहतात. पातं ओल्या फडक्यावर, पाटाच्या कडेला सपाट टेकवा, धार तुमच्या विरुद्ध दिशेला ठेवा आणि हात पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्या, उलट कधीही नको. पात्यावर कारखान्यातल्या घासकामाच्या बारीक रेघा दिसत असतील तर त्यांच्याच दिशेने घासा. आडवे ओरखडे डोळ्यांना खुपतात, आणि त्यांत पाणी धरून राहतं ते वेगळंच.

एवढ्याने न गेलेला गंज आम्लाने सुटतो. किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा सायट्रिक अ‍ॅसिड म्हणून पांढरे खडे मिळतात. सपाट चहाचा चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. सुरी त्यात बुडवू नका, मूठ भिजायला नको. टिश्यू पेपर या पाण्यात भिजवून पात्याभोवती गुंडाळा आणि १० मिनिटांनी उघडून बघा. ठिपका फिका पडलेला दिसेल, कागदावर पिवळट डाग उतरलेला असेल. मऊ टूथब्रशने घासा, गरज वाटली तर आणखी एकदा १० मिनिटं गुंडाळा. लिंबूसत्त्व नसेल तर चार-पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर चालतं, रीत तीच.

इथे अतिउत्साह नडतो. ‘जास्त वेळ ठेवलं की जास्त स्वच्छ’ म्हणून रात्रभर आम्लात ठेवलेलं पातं सकाळी राखाडी, डागाळलेलं आणि धारेला बोथट मिळतं. गंज संपल्यावर आम्ल स्टीलच खायला लागतं, आणि सगळ्यात आधी खातं ते सगळ्यात पातळ जागी, म्हणजे धारेला. घासताना पात्यावर राखाडी छटा येताना दिसली की लगेच थांबा.

खड्डे पडले असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर आणा. बुचाला गुंडाळून, पाणी शिंपडत, आधी १००० आणि मग २००० फिरवा. धारेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून द्या, तिथलं काम धार लावताना दगडावर होतं. खड्डा पूर्ण सपाट होईपर्यंत घासत बसू नका, त्यात पातं पातळ होतं. आतला काळा बिंदू निघाला की पुरे.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गंज परत येतो तो त्यामुळेच. घासल्यानंतर पात्यावर लोखंडाचे सूक्ष्म कण मोकळे पडलेले असतात. म्हणून पातं साबणाने धुवा, वरच्याच प्रमाणात लिंबूसत्त्वाचं ताजं कोमट पाणी करून त्यात भिजवलेला कागद २० मिनिटं गुंडाळा. मधूनमधून उघडून बघत राहा. मग खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, पुसा आणि सुरी दिवसभर उघड्या कोरड्या हवेत ठेवा. कारखान्यांतही सायट्रिक अ‍ॅसिडच्या ४ ते १० टक्के द्रावणाने हेच काम करतात. संरक्षक थर त्यानंतर स्वच्छ धातूवर एकसारखा धरतो.

प्रश्न : व्हिडिओत सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून पात्यावर फेस आणतात. दुसऱ्या एकात लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन घासतात. कोणतं बरं? (नाशिकहून)

उत्तर : दोन्ही टाळा, दुसरं तर कटाक्षाने. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं खारट पाणी. त्यात गंज सोडवायला आम्ल राहत नाही आणि घासायला पूडही राहत नाही. हे दोन पदार्थ वापरायचेच असतील तर आधी व्हिनेगर, ते धुऊन टाकल्यावर सोडा.

लिंबू-मीठ ही तांब्या-पितळेची रीत आहे. तांब्याचा हंडा चिंच-मिठाने झळाळतो हे खरं, पण तांब्याचं रक्षण क्रोमियमचा थर करत नाही. स्टेनलेसवर तुम्ही आम्ल आणि क्लोराइड एकाच वेळी, तेही रगडून लावता. आज डाग जातो आणि पंधरवड्यात त्याच जागी बारीक खड्डे दिसायला लागतात.

याच कारणाने संडास साफ करायचं आम्ल सुरीला कधीही लावू नये. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल थर उखडून टाकतं. कपड्यांच्या ब्लीचचंही तसंच, त्यातही क्लोरीन आहे. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : पातं लख्ख आहे, पण लाकडी मुठीच्या सांध्यातून धुताना तपकिरी पाणी येतं. (बेळगावहून)

उत्तर : हा गंज दिसतो त्याहून आत असतो. मूठ आणि पातं यांच्या फटीत खारट पाणी अडकतं, हवा पोचत नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणजे थर पुन्हा धरत नाही. लाकडी दातकोरणीचं टोक सोड्याच्या लगद्यात बुडवून फट कोरून काढा. कापसाची बारीक वात लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून फटीवर १० मिनिटं ठेवा. मग वाहत्या पाण्याखाली, पातं खाली आणि मूठ वर धरून धुवा, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता टोकाकडे ओघळेल. दोन दिवस सुकू द्या. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल. मग मधमाश्यांचं मेण किंचित गरम करून फटीत बोटाने दाबून बसवा.

मूठ हलत असेल, किंवा रिव्हेटजवळ लाकूड चिरलं असेल, तर मात्र सुरी वापरू नका. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून फुगून लाकूड फाकवतो. पात्याची मुठीत शिरलेली पट्टी गंजाने खाल्ली गेली असेल तर लाल भोपळा फोडताना पातं मुठीतून निसटू शकतं. मूठ बदलून देणारे कारागीर मिळतात. पट्टी निम्म्याहून जास्त झिजलेली दिसली तर नवी मूठही बसवू नये.

प्रश्न : दारावर आलेल्या धारवाल्याकडून धार करून घेतली. आठ दिवसांत नेमका धारेवरच गंज, बाकी पातं स्वच्छ. हे काय? (सोलापूरहून)

उत्तर : धारेच्या कडेला पिवळट-तपकिरी किंवा निळसर पट्टा दिसतोय का बघा. दिसत असेल तर कोरड्या चाकावर पातं तापलं आहे. त्या उष्णतेने दोन नुकसानं होतात. धारेचं पाणी उतरतं, म्हणजे ती मऊ पडते, आणि रंगीत थराखालचं क्रोमियम कमी होऊन तेवढाच भाग गंजायला मोकळा होतो. हा पट्टा आम्लाने सुधारत नाही. १००० नंबरच्या ओल्या दगडावर धार लावत रंग पूर्ण जाईपर्यंत तो घासून काढावा लागतो.

पट्टा दिसत नसेल तर दुसरं कारण धरा. त्याच चाकावर आधी कोयते आणि विळ्या लागलेल्या असतात. चाकात रुतलेले लोखंडाचे कण तुमच्या धारेत बसतात आणि तेच गंजतात, तुमचं स्टील नाही. वर सांगितलेलं २० मिनिटांचं लिंबूसत्त्व त्यावर हमखास लागू पडतं. घरी लोखंडी तारेच्या घासणीने सुरी घासली तरी असंच होतं.

पुढच्या वेळी धारवाल्याला दर एक-दोन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडवायला सांगा. चाकावरून उचललेलं पातं पाठीकडून चिमटीत धरवलं नाही, तर धार त्याच्याही आधी जास्त तापलेली असते.

प्रश्न : गंजलेल्या सुरीने चिरलेली भाजी खाल्ली तर धनुर्वात होतो का? (पुण्याहून)

उत्तर : नाही. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात, ते जखमेतून शरीरात शिरतात. गंजामुळे धनुर्वात होत नाही आणि तो पोटातूनही होत नाही. चिमूटभर गंज पोटात गेल्याने काही बिघडत नाही. काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यावी. खड्ड्यांत मटण-मासळीचे कण अडकतात आणि वरवर धुऊन निघत नाहीत. खड्डे खूप असतील तर ती सुरी कच्च्या मांसाला वापरू नका. मातीत पडलेल्या सुरीने बोट खोलवर कापलं, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : आजीच्या विळीचं पातं काळं पडलंय. तेही लिंबूसत्त्वाने काढू का? (साताऱ्याहून)

उत्तर : नको. जुन्या विळीचं पातं बहुधा साध्या पोलादाचं असतं, त्यात क्रोमियम नसतं. तो गुळगुळीत काळा थर म्हणजे गंज नव्हे, तोच पात्याला सांभाळतो. हाताला विटकरी पूड लागत असेल तेवढाच भाग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, पुसा आणि तेल लावा. कैरी-चिंच चिरल्यावर विळी लगेच धुऊन कोरडी करा, नाहीतर फोडीही काळ्या पडतात.

प्रश्न : सुरीला कोणतं तेल लावावं? शेंगदाण्याचं लावलं तर चिकट झालं. (ठाण्याहून)

उत्तर : शेंगदाणा, करडई, सूर्यफूल ही तेलं हवेत सुकत जातात आणि चिकट थर धरतात. त्यावर धूळ बसते. खोबरेल चालतं, पण महिन्या-दोन महिन्यांनी खवट वास येतो. रोज वापरातल्या सुरीला खरं तर तेलाची गरजच नाही, चिरून झाल्यावर लगेच धुतली आणि कोरड्या फडक्याने पुसली की झालं. डिशवॉशरमध्ये घालू नये, तिथल्या खारट वाफेत ती तासभर भिजते. ओला लाकडी ठोकळा आणि वर्तमानपत्राची गुंडाळी या दोन्ही जागा ओल धरतात. पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणा. ते खवटही होत नाही आणि चिकटही होत नाही. मऊ कापडावर दोन थेंब घेऊन पाठीपासून धारेपर्यंत पुसा, मुठीच्या सांध्याभोवती एक थेंब जास्त.