चेतापेशीतले धागे विणतो कोण?

प्रश्न : माझ्या भावाच्या हातापायांतील ताकद कमी होत असल्याने डॉक्टरांनी रक्तातील ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ची पातळी मोजण्यास सांगितले. हे चेतापेशीतील धाग्यांचे प्रथिन आहे, एवढेच समजले. हे धागे पेशीत कोण तयार करते आणि ते रक्तात कसे येतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : प्रथिनाचे रेणू रायबोसोमवर, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या सूक्ष्म यंत्रांवर, तयार होतात, पण त्यांचा धागा करणारा वेगळा कारागीर पेशीत नसतो. योग्य क्षारता आणि आम्लता असलेल्या द्रावणात शुद्ध केलेले रेणू ठेवले, तर परीक्षानळीतही धागे आपोआप जुळून येतात. त्यासाठी एटीपीसारखे इंधनही लागत नाही. पेशीच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिनचे तंतू आणि सूक्ष्मनलिका मात्र जुळताना अनुक्रमे एटीपी आणि जीटीपी ही इंधने खर्च करतात.

जुळणीचे रहस्य रेणूच्या मधल्या, सुमारे ३१० अमिनो आम्लांच्या भागात आहे. हा भाग मळसूत्रासारखा वळलेला असतो आणि त्यात दर सात अमिनो आम्लांपैकी पहिले व चौथे बहुधा पाण्यापासून दूर राहू पाहणारे असते. त्यामुळे रेणूच्या एका अंगाला जलविरोधी पट्टा तयार होतो, आणि दोन रेणू आपापले पट्टे पाण्यापासून लपवण्यासाठी, काथ्याच्या दोरीला पीळ भरावा तसे, एकमेकांभोवती गुंडाळले जातात. अशा दोन जोड्या उलटसुलट दिशांनी आणि थोड्या सरकून एकत्र येतात. चार रेणूंचा हा गठ्ठा दोन्ही टोकांनी सारखाच असल्याने त्याला ‘पुढे’ आणि ‘मागे’ उरत नाही. सूक्ष्मनलिकांवरून माल वाहणारी प्रथिने दिशा ओळखूनच चालतात; या धाग्यांवर चालणारे तसे वाहक आजवर आढळलेले नाहीत. असे साधारण आठ गठ्ठे शेजारी शेजारी बसून सुमारे ६० नॅनोमीटर लांबीचा तुकडा होतो, तुकडे टोकाला टोक लावून लांबतात आणि शेवटी आवळून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा धागा उरतो.

चेतापेशीत हे काम एकाच जातीच्या रेणूवर भागत नाही. लाइट, मीडियम आणि हेवी अशी तीन मुख्य प्रथिने धाग्यात मिसळलेली असतात. मीडियम आणि हेवी यांना लाइटची साथ नसेल, तर एकट्याने नीट धागा करता येत नाही. त्यांच्या लांब शेपट्या धाग्याबाहेर डोकावतात. अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहणाऱ्या लांब शाखेत, या शेपट्यांवर भरपूर फॉस्फेट चढते, आणि शेजारच्या धाग्यांमधले अंतर राखण्यात त्यांचा वाटा असतो. नेमका किती, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. धाग्यांच्या संख्येवर मात्र अक्षतंतूची जाडी बऱ्याच अंशी ठरते, आणि अक्षतंतू जाड असेल तर संदेश वेगाने धावतो. जपानमधील लावा पक्ष्याच्या एका थरथरणाऱ्या वाणात लाइटच्या जनुकात अकाली थांब्याची खूण (जिच्यामुळे प्रथिन अर्धवटच राहते) असल्याचे १९९३ मध्ये दाखवून देण्यात आले. या पक्ष्यांच्या अक्षतंतूंत न्यूरोफिलामेंट, म्हणजे हे धागे, जवळजवळ नसतातच, अक्षतंतू बारीक राहतात आणि संदेशवहन मंदावते. माणसांत याच जनुकातील काही बदलांमुळे शार्को-मारी-टूथ या चेतातंतूंच्या आनुवंशिक विकाराचा एक प्रकार होतो.

आता रक्ताविषयी. अक्षतंतूला इजा झाली की आतील प्रथिन मेंदू-मणक्याच्या द्रवात आणि तेथून अत्यल्प प्रमाणात रक्तात उतरते, म्हणून त्याची मोजणी मिलीलिटरमागे पिकोग्रॅममध्ये होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावरील टोफर्सेन या औषधाला त्वरित मंजुरी दिली, ती रक्तातील याच पातळीत झालेली घट पाहून. तरीही वाढलेला आकडा नुकसान कुठे आणि कशामुळे झाले हे सांगत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, डोक्याला मार, पक्षाघात अशा अनेक कारणांनी तो वाढतो, आणि वय वाढेल तसा निरोगी माणसातही चढतो. तेव्हा भावाचा अहवाल आल्यावर तो आकडा त्याच्या वयोगटाच्या मर्यादेशी ताडून पाहिला आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.