ऊद वाजवताना तारांचा नको तो आवाज येतो. काय करावं?

सहा महिने ऊद हे अरबी तंतुवाद्य शिकताय. बोट सरकवलं की जाड तारा चिरचिरतात, सूर संपला तरी मागे काहीतरी घुमत राहतं, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं की वाजवण्यापेक्षा खरखरच जास्त. आधी गिटार वाजवायचात म्हणून तळहात टेकवून तारा गप्प करायला जाता, तर हात अवघडतो. तुमच्या प्रश्नाचा मी एवढा अर्थ लावलाय.

मी काही उस्ताद नाही. पंधरा वर्षं सतार वाजवली, नोकरीनिमित्त मस्कतला आलो आणि इथे ऊदच्या नादी लागलो. (आपण जाळतो तो ऊद आणि हा ऊद, दोन्ही शब्द एकाच अरबी ‘ऊद’वरून आलेत. अर्थ साधा, लाकूड. घरी फोनवर ‘ऊद घेतला’ म्हटलं तर आईने विचारलं, किती ग्रॅम?) तुम्ही करताय त्या सगळ्या चुका मी केल्यात, वर दोन-चार जास्तीच्या.

त्यातली एक आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. सतारीवर मींड घेताना बोटाला खोबरेल तेल लावायची सवय असते. तेलात भिजवलेला कापसाचा बोळा डबीत घालून शेजारी ठेवायचा, अधूनमधून बोट टेकवायचं. ऊदच्या जाड तारा चिरचिरायला लागल्या तेव्हा मी तेच केलं. चिरचिर गेली. चार दिवसांत तारांचा आवाजही गेला. ऊदच्या खालच्या सुरांच्या तारा सतारीसारख्या सरळ धातूच्या नसतात. आत नायलॉनच्या किंवा रेशमाच्या बारीक तंतूंचा पेड आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तेल त्या वेढ्यांतून आत मुरतं आणि तार ठप्प होते. आमच्या उस्तादांनी एकदा छेडून बघितली, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, “स्वयंपाक करता करता आलास का?” नवा संच घालावा लागला.

आता तुमचं. तुम्ही एका वाक्यात तीन वेगळे आवाज लिहिलेत, आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. त्यातला घुमण्याचा आवाज सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो आधी.

ऊदवर साधारण 11 तारा असतात. खर्जाची एक एकटी, बाकी पाच जोड्या. अरबी पद्धतीत बरेच जण खालून वर दो, फा, ला, रे, सोल, दो अशा लावतात (ही पाश्चात्त्य स्वरांची नावं, दो म्हणजे C); तुमच्याही तशाच असतील असं धरतो. सगळ्यात जाड तार सुमारे 65 हर्ट्‌झची, सगळ्यात बारीक जोडी 261च्या आसपास. पडदे नाहीत आणि तरफाही (सतारीत मुख्य तारांखाली आपोआप घुमणाऱ्या तारा) नाहीत. पण मोकळ्या तारा तरफांचंच काम करतात. रेपासून बयाती (आपल्या रागासारखा एक अरबी मकाम) वाजवून बघा. रे वाजवलात की मोकळी रेची जोडी हलते, सोलला सोलची, फाला खालची फा. मधला ‘मी’ मात्र पाव सुराने उतरलेला, त्याला उत्तर द्यायला एकही मोकळी तार नाही. म्हणून तो कोरडा वाजतो, आणि तुम्ही त्यावर थांबलात की आधीच्या रे आणि सोलचं घुमणं त्याच्या पाठीमागे उघडं पडतं. तुम्हाला वाटतं वाद्य बिघडलंय. वाद्य ठणठणीत आहे, तुम्ही मागचं आवरलेलं नाही एवढंच.

गिटारसारखा तळहात का टेकत नाही? उजव्या हाताची कोपराजवळची बाजू ऊदच्या पोटाला धरून ठेवते, मनगट वाकून पुढे येतं आणि पंजा तारांवर अधांतरी लोंबतो. ती बैठक मोडून तळहात टेकवायला गेलात तर आवाजही जाईल आणि मनगटही. त्याऐवजी ऊदवाले जे करतात ते रिशाच्या आघातातच दडलेलं आहे. (रिशा म्हणजे तार छेडायची पट्टी; शब्दाचा अर्थ पीस. पूर्वी गरुडाच्या पिसाचा दांडा वापरत. आता शिंगाची किंवा प्लास्टिकची लांब पट्टी. माझ्या ओळखीचे निम्मे लोक इलेक्ट्रिशियनच्या केबल बांधायच्या पट्ट्या कापून घासून वापरतात, आणि त्या उत्तम चालतात.) खाली जाणारा आघात जोडीवरून निघून हवेत जाऊ द्यायचा नाही. तो पुढच्या जोडीवर येऊन टेकला पाहिजे. टेकला की ती जोडी आपोआप गप्प. म्हणजे प्रत्येक आघात एका जोडीला बोलतं करतो आणि शेजारच्या बारीक जोडीला गप्प करतो. आवाजही भरदार येतो. तुम्ही आघात हवेत सोडत असाल, अशी मला दाट शंका आहे; गिटारवरून येणारे बहुतेक जण तेच करतात.

हे झालं बारीक तारांच्या बाजूचं. जाड बाजूसाठी डावा हात. बोटाचं टोक तार दाबतं तेव्हा ते किंचित पुढे न्या, इतकंच की शेजारच्या जाड जोडीला त्याचा स्पर्श व्हावा. दाबायचं नाही, नुसतं लागायला हवं. सुरुवातीला चुकून तीही जोडी दाबली जाईल. महिनाभराने हात विचारल्याशिवाय हे करायला लागतो. राहिली सगळ्यात खालची एकटी तार. ती फार लांब घुमते आणि तिच्यापर्यंत बोट नेहमी पोचत नाही. उजव्या हाताची करंगळी किंवा पंजाची कड अलगद टेकवून तिला थांबवता येतं, पण वाक्य संपल्यावर, मध्ये नाही.

याच्या जोडीला एक चोर आहे. बोट उचलताना ते तिरकं ओढलं गेलं की तार छेडली जाते आणि मोकळ्या सुराचा एक बारीकसा ‘टिंग’ येतो. रेकॉर्डिंगमधली निम्मी घाण ही असते. बोट सरळ वर उचला, तव्यावरची पोळी चिमटीत धरून उचलतो तसं. पोळी कडेला खेचली तर फाटते.

उस्तादांनी मला दिलेला पलटा अगदी बिनडोक वाटतो. मिनिटाला 60चा ठेका लावायचा. एक मात्रा वाजवायची, एक मात्रा गप्प. कुठलाही सूर चालेल. अट एकच, गप्प मात्रेत खोलीत पंखाच ऐकू यायला हवा. पहिल्या दिवशी मला सलग चार वेळा जमलं नाही. पंधरा वर्षं सतार वाजवलेल्या माणसाला ही फार मोठी नामुष्की वाटते, कारण सतारीत तरफा गप्प करायचा प्रश्नच येत नाही. तिथे जितकं घुमेल तितकं बरं. इराकचे ऊदवादक मुनीर बशीर (1930–1997) यांची तकासीम, म्हणजे आपल्या आलापासारखं उत्स्फूर्त वादन, ऐका. ते वाक्यावाक्यांच्या मध्ये लांब थांबतात. तशा थांब्यात मागे काय घुमू द्यायचं आणि काय नाही, हे आधी ठरवलेलं असावं लागतं.

चिरचिरीचं औषध त्या मानाने सोपं आहे. गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांवरून कातडी घासत गेली की ती चिरचिरणारच, ते पूर्ण जाणार नाही. मात्र जागा बदलताना दाब सोडून, तारेला न चिकटता हात नेला तर बरीच कमी होते. त्याहून चांगलं म्हणजे सरकणं बारीक, नायलॉनच्या जोडीवर करा आणि जाड तारांवर पोचायचं असेल तर उभं न सरकता आडवे जा. एकच सूर ऊदवर दोन-तीन ठिकाणी मिळतो; कुठला कुठे घ्यायचा हे ठरवताना चिरचिरही हिशेबात धरा. वाजवण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसा. वरून घासून गुळगुळीत केलेल्या गुंडाळीच्या तारा मिळतात, त्या कमी चिरचिरतात, पण थोड्या मंद वाजतात. मला त्या आवडत नाहीत. मोकळ्या मैफिलीत चिरचिर चारच हातांवर विरते, आणि त्या तारांचा मंदपणा शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आता तिसरा, खरखरणारा, झणझणणारा. हा तुमच्या हाताचा की वाद्याचा ते आधी ठरवा. मोकळी तार छेडा. मोकळी असतानाच झणझणते आणि बोट ठेवलं की थांबते? मग मानेच्या टोकाची हाडाची पट्टी, जिला अरबीत ‘अन्फ’ म्हणजे नाक म्हणतात, तिच्यातली खाच खोल झालीय. तारेखाली कागदाचा बारीक तुकडा सरकवून बघा. आवाज गेला तर निदान पक्कं, कारागिराकडे न्या. बोट ठेवल्यावरच झणझणते, आणि एखाद्याच जागी? मग मानेवरची, तार जिच्यावर दाबतो ती लाकडी पट्टी तिथे उंचसखल आहे. सगळीकडेच झणझणते? आधी स्वतःचं बोट बघा. जोडीतल्या दोन तारांपैकी एकच नीट दाबली गेली की दुसरी अर्धवट दबून खरखरते. नख वाढलेलं असेल किंवा बोट आडवं पडत असेल तर हे हमखास होतं. जोडीतल्या दोन तारा सुरात नसल्या तर त्यांच्यातून लाटा येतात, तीही खरखर वाटते; पण ती लावून घेतली की जाते.

बोटही ठीक असेल तर हवा बघा. ऊदची तबली, म्हणजे पोटावरची लाकडी फळी, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते. इथे मस्कतला बाहेर दमट आणि घरात दिवसरात्र एसी. हवा कोरडी झाली की तबली बसते, तारा खाली येतात आणि पट्टीला लागतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उलट, तबली फुगते, तारा वर जातात, दाबायला बोट दुखतं आणि खुंट्या अडकतात. मान जिथे पोटाला मिळते तिथे तार आणि पट्टी यांत अडीच-तीन मिलिमीटर अंतर असलं की साधारण बरं चालतं. एसीच्या झोताखाली ऊद ठेवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत तर कधीच नाही, नुसत्या सरसावर चिकटवलेली घोडी उखडून येते.

एकाच सुराला झणझण येत असेल तर मात्र तारांना दोष देऊ नका. काहीतरी सुटं आहे आणि ते त्या सुराला हलतंय. माझ्या ऊदला ‘ला’ वाजवला की माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. आठवडाभर शोधलं. घोडीवर तारा बांधून उरलेली टोकं तबलीला लागत होती, ती कापली. थोडा फरक पडला. शर्टाची बटणं, घड्याळाचा पट्टा, कपाटाची काच, सगळं तपासलं. शेवटी टॉर्च लावून तबलीतल्या जाळीतून आत बघितलं तर कारागिराच्या नावाची कागदी चिठ्ठी तळाला एका कोपऱ्यातून सुटली होती. डाळीच्या दाण्याएवढा फेविकॉल बांबूच्या काडीवर घेऊन आत घातला. माशी गेली.

नाकाच्या पलीकडे, खुंट्यांच्या डब्यात तारांचे जे तुकडे उरतात तेही घुमतात, हे लोक विसरतात. मी तिथे तारांमधून लोकरीचा धागा एक खाली एक वर असा विणून ठेवलाय. धागा ओवताना मला हसू येत होतं. मिरजेला तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात तो जवारी खुलावी म्हणून, तो झंकार मिळावा म्हणून कारागीर तासन्‌तास घोडी घासतात. आणि मी तसाच धागा घेऊन झंकार मारत होतो. आपला कान लहानपणापासून तंबोऱ्यावर पोसलेला, त्यामुळे ऊदचा जरासा झणझणाट आपल्याला खटकत नाही आणि इथल्या लोकांना लगेच खटकतो. उलट तार थांबल्यावरची शांतता आपल्याला रिकामी वाटते. मला ती वाटायची बंद व्हायला दोन वर्षं लागली.

राहता राहिला तुमचा मोबाइल. तो तुम्ही मांडीजवळ किंवा समोर टीपॉयवर ठेवत असणार. तिथून त्याला रिशाची टकटक, बोटं आणि तुमचा श्वास, सगळं ऐकू येतं. दीड-दोन मीटर लांब, छातीच्या उंचीवर ठेवा, खोलीत एखादी गादी किंवा पडदे असू द्या, आणि परत रेकॉर्ड करा. तरीही टकटक जास्त वाटली तर रिशा तारेवर कडेने न मारता जरा सपाट लागू द्या आणि तिचं टोक बारीक पॉलिश पेपरने गोल करा. दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐका. दुसऱ्यात जे उरेल तेवढंच दुरुस्त करायचं आहे.