नजर लांब, अंतर जास्त
नवीन हात असला की नजर बॉनेटच्या टोकालाच चिकटते. ती लांब टाक, दोन-तीन गाड्यांच्या पुढे. मग पुढच्याचे ब्रेक लाइट लागायच्या आत तुझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघेल. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. वेग दुप्पट केलास तर ब्रेक लावल्यावरचं अंतर चौपट. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की सेकंद मोज. दोनाच्या आत तू तिथे पोचलास तर फार चिकटलायस. पावसात चार धर. मधे कुणी घुसेल, घुसू दे. मोबाइल मागच्या सीटवर, बॅगेत. आणि पहिले काही महिने मित्रांनी गाडी भरू नकोस. ‘अरे, हाण की’ म्हणणारा शेजारी बसला की भलेभले पाय दाबतात.