पीकविम्याचे आकडे: एका रकान्याने माझं वर्ष खाल्लं

‘सोयाबीनच्या पीकविम्यावर पीएचडी करतेय, विम्याच्या जर्नल्समध्ये आपल्याकडचं काही सापडत नाही आणि कार्यालय आकडे देत नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझी जुनी वही आठवली. तीच रडकथा! मी वाणिज्य शाखेची, ॲक्चुअरी (विम्याचं गणित करणारी तज्ज्ञ) नव्हे, आणि माझा प्रबंध २०२१ मध्ये संपला. तेवढं धरून वाचा.

गूगल स्कॉलर, शोधगंगा (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) हे तुम्ही पाहिलंच असणार. ‘जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्स’ किंवा ‘जिनिव्हा पेपर्स’ उत्तमच आहेत, पण आपला विषय खरा नांदतो तो शेती-अर्थशास्त्रवाल्यांकडे. ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स’, ‘ॲग्रिकल्चरल फायनान्स रिव्ह्यू’ आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ चाळा. नुसतं ‘क्रॉप इन्शुरन्स’ टाकू नका, ‘बेसिस रिस्क’ आणि ‘एरिया यील्ड’ (म्हणजे क्षेत्राचं सरासरी उत्पादन) टाका. माझं पीक गेलं, पण महसूल मंडळाची सरासरी बरी निघाली म्हणून छदाम मिळाला नाही, या शेतकऱ्याच्या तक्रारीलाच तिकडे ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचा ‘वीकली’तला १९७६ चा लेख आधी वाचा. एकेका शेताऐवजी क्षेत्र धरून विमा काढावा ही मांडणी त्यांची. गाईडला तो लेख माहीत नसेल तर गाईडलाही द्या.

आता माझी चूक. मंडळनिहाय उंबरठा उत्पादनाचे (ज्याच्या खाली सरासरी गेली की भरपाई मिळते त्या पातळीचे) आकडे हवे होते म्हणून एका कार्यालयात (नाव घेत नाही, तिथे अजून कामं पडतात) सात महिने चकरा मारल्या. साहेब दौऱ्यावर, मग पत्राचा नमुना चुकला, मग ‘हे विमा कंपनीला विचारा’. कंपनी म्हणाली, कार्यालयाला विचारा. माहिती अधिकारात अर्ज केला तर व्यापारी गोपनीयतेचं कलम दाखवलं. अहो, हे उत्पादन मोजणारे पीक कापणी प्रयोग सरकारी माणसं करतात, त्यात कसली व्यापारी गोपनीयता? पहिलं अपील करायला हवं होतं. कंटाळून केलं नाही.

त्या घाईत मिळेल तिथून आकडे उचलले. काही वर्षांचं दाव्यांचं प्रमाण (हप्त्याच्या तुलनेत भरपाई किती) पंतप्रधान पीकविमा योजनेच्या तक्त्यांतून घेतलं, उरलेल्या वर्षांचं विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या वार्षिक आकड्यांतून, आणि दोन्ही एकाच रकान्यात भरले. आलेख सुरेख आला. मौखिकीच्या आधी परीक्षकांनी एकच विचारलं, ‘हे वर्ष कुठलं?’ योजनेचे आकडे हंगामाचे, खरीप वेगळा, रब्बी वेगळा. नियामकाचे एप्रिल ते मार्च. २०१८ च्या खरिपात मराठवाड्यात दुष्काळ होता. त्या हंगामाचा हप्ता एका आर्थिक वर्षात आणि भरपाईचे पैसे बरेचसे पुढच्या. त्याहून वाईट म्हणजे नियामकाचं प्रमाण निव्वळ असतं, पुनर्विम्याला, म्हणजे विमा कंपनी स्वतःसाठी काढते त्या विम्याला, गेलेला वाटा वजा करून. योजनेचं ढोबळ. पीकविम्यात पुनर्विम्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे हा फरक तळटीप देऊन भागण्यासारखा नव्हता. दोन प्रकरणं नव्याने लिहिली आणि वर्ष गेलं.

गंमत म्हणजे मंडळाचे नसले तरी राज्याचे आणि काही ठिकाणी जिल्ह्याचे हंगामवार आकडे लोकसभेतल्या प्रश्नोत्तरांच्या परिशिष्टांत पडले होते. संसदेच्या संकेतस्थळावर फुकट, आणि मी आवक-जावकच्या खिडकीशी उभी! कॅगचा पीकविम्यावरचा २०१७ चा अहवालही वाचा, सरकारी भाषेतला असला तरी बोचरा आहे.

तुमच्या काळातले खड्डे वेगळे आहेत. २०२० पासून बीडमध्ये आणि २०२२ पासून राज्यभर ८०:११० सूत्र आलं (भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार सरकारचा, ८० टक्क्यांखाली राहिली तर उरलेल्यातला ठरलेला वाटा ठेवून बाकी कंपनीने सरकारला परत द्यायचं), २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा, आणि २०२५ मध्ये तो बंद. ही वर्षं सरळ एका रेषेत मांडली तर तुमचाही परीक्षक तोच प्रश्न विचारेल. शिवाय ‘अर्ज’ आणि ‘शेतकरी’ हे आकडे एक नाहीत, एका शेतकऱ्याचे तीन अर्ज असू शकतात.

‘तीन दिवसांत प्रकाशन’ म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप जर्नल्सना पैसे देऊ नका. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नल्सची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून ही मंडळी जास्तच मोकाट सुटली आहेत, असं माझं मत. सरकारी विद्यापीठात असाल तर केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेतून परदेशी जर्नल्स मिळतात का ते ग्रंथपालांना विचारा. खासगी कॉलेजला ती सोय नाही. पुण्यात आलात तर बालेवाडीची राष्ट्रीय विमा अकादमी आणि गोखले संस्थेचं ग्रंथालय, दोन्हीकडे आधी फोन करून परवानगी घ्या.

जिल्हा आणि हंगाम सांगा, माझ्याकडची जिल्हानिहाय एक्सेल पाठवते. २०१९ पर्यंतचीच आहे, आणि आता रकाने वेगळे आहेत.