सुई टोचली... आता मुलाला जवळ घेऊ का?

आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात काम करताना हा प्रश्न मला पेशंटपेक्षा हॉस्पिटलच्या स्टाफकडूनच जास्त येतो, म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एक सिनियर सिस्टर. एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटचं रक्त घेऊन झाल्यावर सुईला टोपण परत लावायला गेली आणि बोटात घुसली. साबण-पाण्याने धुतलं, दोन तासांच्या आत पीईपीची (लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या औषधाची) पहिली गोळी घेतली, सगळं बरोबर केलं. तरी घरी स्वतःचं ताट वेगळं आणि लहान मुलाला जवळ येऊ देईना.

"अशाने लागण व्हायची शक्यता किती, सिस्टर?"

"हजारात तीन. हिपॅटायटिस बीची त्याहून खूप जास्त, पण लस झालीय माझी."

"आणि ताटातून?"

"काय मॅडम, स्टुडंट्सना मीच शिकवते हे!"

म्हणजे माहिती तोंडपाठ. अशा वेळी परत तेच लेक्चर देण्यात मला अर्थ वाटत नाही. भीतीच्या मागे एक विचार दडून बसलेला असतो, तो माणसाच्या स्वतःच्या तोंडून बाहेर यायला लागतो, माझा सगळा भर त्यावरच असतो. दोन-तीन भेटींनंतर विचारलं, "समजा पॉझिटिव्ह आलंच, तर डोळ्यासमोर पहिलं काय येतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझ्या केसपेपरवर लाल पेनने लिहितील."

"कोण?"

"आम्हीच लिहितो ना मॅडम." आणि रडायलाच लागली.

घाबरली होती ती वॉर्डात रोज दिसणाऱ्या वागणुकीला, आणि त्यावर गोळी नाही. ट्रेनिंगच्या स्लाइड्समध्ये हे येत नाही, मला मात्र तो एक प्रश्न बरोबर जागी लागल्याचं खूप समाधान वाटलं. पुढच्या भेटीला आली तेव्हा मुलगा परत कुशीत झोपायला लागला होता आणि वॉर्डातलं ते लाल पेन तिने स्वतः बंद करायला लावलं होतं.

तुमच्या बाबतीत असं झालं तर जखम दाबू नका, स्पिरिट-ब्लीच लावू नका, लगेच रिपोर्ट करा. पीईपी ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवी, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस पूर्ण घ्यायची. शेवटची टेस्ट होईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान नको, बाकी मिठी, स्वयंपाक, एकत्र जेवण सगळं चालतं. केसपेपरवर सगळ्यांना दिसेल असं लिहिणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही, आणि त्याच कायद्याने पीईपी हा स्टाफचाही हक्क आहे, तो मागताना लाजू नका. कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे.