पणजोबांची नोंद कुठे शोधावी?

गावाचं नाव माहीत आहे, पणजोबांचं जन्मवर्ष नाही, असं असेल तर आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, मागा. वारस नोंदीत मयताचं नाव आणि मुलांची नावं एकत्र मिळतात, म्हणजे दोन पिढ्या जुळतात. मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४: जन्ममृत्यूच्या नोंदी. तिथे बहुधा आडनाव नसतं. नुसतं नाव, बापाचं नाव, जात. म्हणून आडनावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही. आजोबाचंच नाव नातवाला ठेवलेलं असतं, तेव्हा बापाचं नाव जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नका. मजकूर जुन्या मोडी लिपीत असला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. नोंदीत शक वर्ष असेल तर इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. जानेवारी ते चैत्रारंभापर्यंत मात्र ७९.