‘कन्व्हेन्शन’साठी संकेत की वहिवाट?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: “माहितीपुस्तिका मराठीत करतोय. ‘इंटरफेस कन्व्हेन्शन’ला काय म्हणू? कुणी संकेत सुचवलं, कुणी रूढी, कुणी प्रमाण. कोणता शब्द बरोबर?”

‘इंटरफेस कन्व्हेन्शन’ म्हणजे पडद्यावरची बटणं, चित्रं, कळा वापरण्याची रुळलेली पद्धत. तिन्ही शब्द चांगले आहेत, पण इथे तिन्ही बसत नाहीत. मी ‘वहिवाट’ सुचवेन. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण प्रश्न एका पुस्तिकेपुरता नाही.

‘संकेत’ नाटकात आणि कवितेत शोभतो. संगणकाच्या मराठीत मात्र त्याच्यावर आधीच ओझं झालं आहे: संकेतस्थळ, संकेतशब्द, संकेताक्षर. ‘बटणांचे संकेत’ असं लिहिलंत तर वाचणारा बटणावरची चित्रं बघत बसेल. शिवाय संकेत म्हणजे दोघांनी आधी ठरवलेली गोष्ट. इथे तर कुणी कुणाशी काही ठरवलेलं नसतं. ‘रूढी’ला समाजसुधारकांनी इतकं झोडपलं आहे की शब्द उच्चारताच ती मोडायची इच्छा होते. आणि ‘प्रमाण’ ठरवायला कुणीतरी अधिकारी लागतो. मराठी टंकलेखनाचंच बघा. इन्स्क्रिप्ट कळपाट (कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी) हे सरकारी प्रमाण, १९९१ साली भारतीय मानकात आलेलं. पण टायपिंगच्या क्लासात ज्यांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसली होती, त्यांनी संगणकावरही रेमिंग्टनच मागितलं आणि ते त्यांना द्यावं लागलं. प्रमाण इन्स्क्रिप्टचं, वहिवाट रेमिंग्टनची.

मराठीत या अर्थाच्या शब्दांचं एक कुटुंबच आहे, आणि त्यातला प्रत्येक जण वेगळं काम करतो. पायंडा कुणीतरी एक जण पाडतो, त्याचं नाव सांगता येतं. १९७०च्या दशकाच्या मध्याला झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या ‘जिप्सी’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर कापणं, नक्कल करणं आणि चिकटवणं आजच्या रूपात आणलं. पुढे टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले आणि १९८३च्या ‘लिसा’ संगणकावर या कामांना एक्स, सी, व्ही आणि केलेलं मागे घ्यायला झेड, अशी शेजारशेजारची अक्षरं मिळाली. हा पायंडा. मग ती अक्षरं मॅकिन्टॉशवर आली, विंडोजवर आली, तिथून सगळीकडे गेली. हा प्रघात. प्रघाताला कर्ता नसतो, तो ‘पडतो’. बोटाने पडदा खाली ओढला की ताजा मजकूर येतो, त्याचंही तसंच. २००९ साली लॉरेन ब्रिक्टर यांनी ‘ट्वीटी’ या ॲपमध्ये ती युक्ती घातली. आज बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघणाऱ्याला ते नाव ठाऊकही नसतं.

शिरस्ता मात्र एका घरापुरता. हा शब्द फारसीतून आला, कचेऱ्यांत रुजला, ‘शिरस्तेदार’ त्यातलाच. विंडोजमध्ये ‘ओके’ आधी आणि ‘कॅन्सल’ नंतर, मॅकवर उलटं, ‘ओके’ उजव्या टोकाला. दोन घरांचे दोन शिरस्ते.

आणि वहिवाट? आमच्या भागात हा शब्द कोशात बघावा लागत नाही. उसाच्या दोन फडांमधल्या बांधावरून दहा-पंधरा कुटुंबं वर्षानुवर्षं जात असतात, बैलगाडीच्या चाकांनी दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, मध्ये गवताची पट्टी. ही वाट नकाशात असेल किंवा नसेल. एखाद्याने तिच्यावर काटेरी कुंपण घातलं की मंडळी तहसीलदारापुढे जातात आणि म्हणतात, “वहिवाटीचा रस्ता आहे.” १८८२च्या सुखाधिकार कायद्यात उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा २० वर्षं वापरलेल्या वाटेला हक्काचं स्थान आहे. खरेदीखतातली ‘कब्जेवहिवाट’ही याच घरातली. म्हणजे वापर आणि त्या वापरातून उभा राहिलेला हक्क, दोन्ही या एका शब्दात आहेत. संकेत, रूढी, प्रघात यांत हक्काची छटा नाही.

ती छटा इंटरफेसला किती लागू पडते, हे मी मागे एका हळदीच्या अडत दुकानात पाहिलं. तिथले दिवाणजी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर मुरलेले. एफ-८ म्हणजे विक्री, एफ-९ म्हणजे खरेदी, एफ-५ म्हणजे रक्कम दिली, एफ-६ म्हणजे आली. डावा हात पट्टीच्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या) कागदावर, नजर आकड्यांवर, उजव्या हाताची बोटं न बघता चालायची. मालकांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात एफ-८ला ‘नोंद रद्द’ ठेवलं होतं. सौदे संपल्यावर शेतकरी पट्टीसाठी समोर उभे, आणि दिवाणजींनी सवयीने एफ-८ दाबलं. हमाली, तोलाई सगळी भरून तयार झालेली पट्टी पडद्यावरून गेली. पुन्हा भरली, पुन्हा बोट तिथेच. चौथ्या वेळी त्यांनी वही काढली आणि पेनाने पट्ट्या लिहायला घेतल्या. मालक म्हणाले, “शिकतील हळूहळू.” मला मात्र वाटलं, शिकायचं त्यांनी नव्हतं. त्यांच्या रोजच्या वाटेवर कुणीतरी न विचारता कुंपण घातलं होतं.

हाच वाद अमेरिकेच्या न्यायालयातही गेला होता. ‘लोटस १-२-३’ हा १९८३चा गाजलेला हिशेबतक्ता (स्प्रेडशीट). बोरलँड कंपनीने आपल्या ‘क्वात्रो’मध्ये लोटसच्या मेनूतल्या आज्ञा त्याच शब्दांत, त्याच क्रमाने दिल्या, म्हणजे लोटसवर हात बसलेल्यांना नव्याने शिकायला नको. लोटसने दावा लावला. १९९५ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की मेनूतला आज्ञांचा क्रम ही यंत्र चालवण्याची पद्धत आहे, तिच्यावर लेखाधिकार (कॉपीराइट) सांगता येत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी समसमान मतं पडली आणि तोच निकाल कायम राहिला. आमच्याकडचा शेतकरी याला एका शब्दात म्हणाला असता: वहिवाट.

एक शंका येईल. वहिवाट म्हटलं की वाट कायमची गोठली का? नाही. नवी वाट काढता येते, जुनी न बुजवता. विंडोजमध्ये कंट्रोल-व्ही रुळून कित्येक वर्षं झाली, तरी चिकटवण्याची जुनी शिफ्ट-इन्सर्टची वाट आजही चालू आहे.

तेव्हा पुस्तिकेत सरसकट एकच शब्द ठोकू नका. सर्वसाधारण चालीबद्दल बोलताना प्रघात: ‘शोधण्यासाठी भिंग दाखवण्याचा प्रघात आहे.’ तुमच्याच सॉफ्टवेअरची खास पद्धत सांगताना शिरस्ता. आणि जिथे वापरणाऱ्याचा हात बसलेला आहे, तिथे असं लिहा: ‘एफ-८ आणि एफ-९ या कळा वहिवाटीप्रमाणे विक्री आणि खरेदीसाठीच ठेवल्या आहेत.’ हे वाक्य मार्केट यार्डातल्या कुठल्याही दिवाणजींना वाचून दाखवा. त्यांना शब्दार्थ सांगावा लागणार नाही.